घरगुती सेप्टिक टँक : परवानगी, नियमन आणि निलंगा परिसरातील भूजल

सारांश

भुयारी गटार योजना नसलेल्या लहान शहरांत घरगुती मैल्याची व्यवस्था प्रामुख्याने घराच्या आवारातील सेप्टिक टँकवर अवलंबून असते. या टाकीचा संबंध एका बाजूने बांधकाम परवानगीशी, दुसऱ्या बाजूने पिण्याच्या पाण्याशी आणि तिसऱ्या बाजूने टाकी उपसणाऱ्या मजुराच्या जिवाशी येतो. प्रस्तुत लेखात लातूर जिल्ह्यातील निलंगा परिसर समोर ठेवून सेप्टिक टँकसंबंधीचे कायदे, नियम व परवानगीची प्रक्रिया यांचे विवेचन केले आहे. टाकी बांधण्यापूर्वी कायद्याचे लक्ष तिच्याकडे एकदा जाते. टाकी बुजविल्यानंतर मात्र ती नियमनाच्या कक्षेतून जवळजवळ निसटते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सेप्टिक टँक, शोषखड्डा, बांधकाम परवानगी, नगर परिषद, भूजल, मैलागाळ.

प्रस्तावना

मराठवाड्यात पाण्याचा विचार प्रामुख्याने त्याच्या उपलब्धतेच्या अंगाने होत आला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही घटना सर्वांच्या स्मरणात आहे. टंचाईच्या अशा वर्षांत घरोघरी बोअर घेण्याकडे लोकांचा कल वाढतो. पाणी किती खोलीवर लागले, किती इंच लागले, उन्हाळ्यात किती दिवस टिकले याची चर्चा होते. त्याच आवारात काही फुटांवर असलेल्या संडासाच्या टाकीतून जमिनीत काय मुरते, याची चर्चा मात्र सहसा होत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने औसा, निलंगा व उमरगा या भागांना मोठा तडाखा दिला. त्यानंतर घराचा पाया, भिंती व छत यांची मजबुती हा सामान्य माणसाच्याही विचाराचा विषय झाला. घर कसे बांधावे याविषयी शासनाला काही सांगण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट या भागाने मोठी किंमत देऊन स्वीकारली. घराच्या खाली किंवा अंगणात असलेल्या टाकीच्या बाबतीत अशी जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी ३२.७ टक्के कुटुंबांची शौचालये गटार वाहिनीस जोडलेली होती, तर ३८.२ टक्के कुटुंबांची सेप्टिक टँकला. म्हणजेच सेप्टिक टँक ही मुख्य गटार योजना येईपर्यंतची तात्पुरती सोय असे मानले जात असले, तरी प्रत्यक्षात ती नागरी भारताची सर्वांत मोठी मलनिःसारण व्यवस्था होती. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात शौचालयांची संख्या झपाट्याने वाढली. त्याबरोबर जमिनीखालच्या टाक्यांची संख्याही वाढली. यास्तव त्यांच्या नियमनाचा विचार आता अधिक निकडीचा ठरतो.

लेखाची उद्दिष्टे

१. सेप्टिक टँकचे कार्य व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२. निलंगा परिसरातील जमीन व खडक यांचा या टाकीच्या कार्याशी असलेला संबंध पाहणे.
३. घरगुती सेप्टिक टँकच्या परवानगीची कायदेशीर चौकट समजून घेणे.
४. परवानगी, तपासणी व उपसा या टप्प्यांतील उणिवा दाखवून त्यावर उपाय सुचविणे.

सेप्टिक टँकचे कार्य

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठविण्याची केवळ बंद पेटी, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ती एक साधी प्रक्रिया टाकी आहे. शौचालयातून आलेला मैला टाकीत काही काळ स्थिर राहतो. जड भाग तळाशी गाळ म्हणून बसतो, तेलकट व हलका भाग साय धरल्याप्रमाणे वर तरंगतो आणि मधल्या थरातील पाणी दुसऱ्या टोकाच्या नळीतून बाहेर पडते. तळाच्या गाळाचे हवेविना जगणारे जिवाणू हळूहळू विघटन करतात व त्यातून वायू निर्माण होतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली अशी की, टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला तुलनेने स्वच्छ असले तरी ते निर्धोक नसते. टाकीत सेंद्रिय भार साधारणतः एकतृतीयांश ते निम्म्याने कमी होतो. रोगजंतू मात्र मोठ्या संख्येने शिल्लक राहतात. म्हणूनच भारतीय मानक २४७० चे दोन भाग करण्यात आले आहेत. पहिला भाग टाकीच्या रचनेविषयी आहे, तर दुसरा भाग टाकीतून निघणाऱ्या पाण्यावरील पुढील प्रक्रिया व विल्हेवाट यांविषयी आहे. व्यवहारात पहिला भाग कसाबसा पाळला जातो व दुसरा विसरला जातो.

दुसरी गोष्ट गाळाची. विघटन झाले तरी गाळ पूर्णपणे नाहीसा होत नाही, तो साचत जातो. गाळ वाढला की पाणी टाकीत थांबण्याचा अवधी कमी होतो आणि न निवळलेला मैलाच बाहेर पडू लागतो. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या तक्त्यानुसार पाच माणसांच्या कुटुंबासाठी १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद व पाण्याची खोली १ मीटर अशी टाकी पुरते. दहा माणसांसाठी २ मीटर लांबी, ०.९० मीटर रुंदी व १ मीटर खोली सांगितली आहे. ही मापे टाकी दरवर्षी उपसली जाईल असे गृहीत धरून दिलेली आहेत. दोन वर्षांनी उपसा करावयाचा असल्यास दहा माणसांच्या टाकीची खोली १.४० मीटर धरावी लागते. म्हणजे टाकीचे माप आणि उपशाची मुदत या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने जानेवारी २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक टिपणीतही दोन ते तीन वर्षांनी उपसा करण्याची शिफारस आहे.

लोकव्यवहार याच्या नेमका उलट आहे. टाकी जितकी मोठी व जितकी वर्षे न उपसता चालेल तितकी चांगली, असे मानले जाते. त्यासाठी काही ठिकाणी टाकीच्या तळाला काँक्रीट घातले जात नाही किंवा भिंतीच्या दगडांतील सांधे मोकळे ठेवले जातात. अशी टाकी भरत नाही, कारण ती गळत असते. घरमालकाला जो टाकीचा गुण वाटतो, तोच भूजलाच्या दृष्टीने तिचा दोष असतो.

निलंगा परिसराची जमीन व भूजल

निलंगा तालुका लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात असून मांजरा व तिची उपनदी तेरणा यांच्या खोऱ्यात मोडतो. हा सर्व प्रदेश दख्खनच्या पठाराच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सामान्यतः वर काळी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली भेगा असलेला किंवा अखंड खडक अशी रचना आढळते. थरांची जाडी ठिकठिकाणी बदलते. काही ठिकाणी काळी माती अनेक फूट खोल आहे, तर माळाच्या बाजूस वीत-दोन विती खोदले की मुरूम लागतो.

सेप्टिक टँकच्या दृष्टीने या रचनेत परस्परविरुद्ध अशा दोन अडचणी आहेत. काळी माती भिजली की फुगते व तिच्यातील सूक्ष्म छिद्रे बंद होतात. अशा मातीतील शोषखड्ड्यात पाणी मुरत नाही, पावसाळ्यात तो तुंबतो व घरमालक शेवटी टाकीचा पाइप नालीत सोडतो. उन्हाळ्यात हीच माती आक्रसून भेगाळते. या फुगण्या-आक्रसण्याने टाकीच्या कच्च्या भिंतीला तडे जाण्याचा संभव असतो. याउलट मुरूम व भेगाळलेल्या खडकात पाणी फार लवकर मुरते. मातीच्या थरातून सावकाश झिरपताना पाणी गाळले जाते व बरेच जंतू मातीत अडकतात. खडकाच्या भेगेतून वाहताना ही गाळणी मिळत नाही. बेसाल्टमधील भूजल याच भेगांत व झिजलेल्या थरांत साठते आणि विहिरी, आड व बोअर यांना तेच पाणी मिळते.

एका ठिकाणी पाणी मुरत नाही म्हणून ते नालीत जाते, दुसऱ्या ठिकाणी ते फार लवकर मुरते म्हणून बोअरमध्ये जाते. दोन्ही ठिकाणी टाकी एकाच नकाशावर, एकाच मापाने बांधलेली असू शकते. जमीन न पाहता दिलेली परवानगी अपुरी का ठरते, याचे उत्तर येथे आहे. भारतीय मानकात यासाठी साधी मुरण चाचणी सांगितली आहे. खड्डा खणून, त्यात पाणी भरून जमीन पूर्ण भिजवावयाची व नंतर पाण्याची पातळी २५ मिलिमीटरने खाली जाण्यास किती मिनिटे लागतात ते मोजावयाचे. साठ मिनिटांहून अधिक वेळ लागणारी जमीन शोषण पद्धतीस योग्य मानली जात नाही. या चाचणीस घड्याळ, पट्टी व बादलीभर पाणी यांपलीकडे फारसे साहित्य लागत नाही.

भूजल दूषित झाल्याची दोन ठळक लक्षणे म्हणजे विष्ठेतील जिवाणू व नायट्रेट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलीटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत व नायट्रेटचे प्रमाण लीटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. पाणी उकळल्याने जिवाणू मरतात. नायट्रेट मात्र उकळून जात नाही. तान्ह्या मुलांच्या रक्ताच्या प्राणवायू वाहून नेण्याच्या शक्तीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. नायट्रेटला रंग, वास वा चव नसल्यामुळे तपासणीशिवाय ते ओळखता येत नाही.

परवानगीची कायदेशीर चौकट

महाराष्ट्रात केवळ सेप्टिक टँकसाठी स्वतंत्र परवाना देणारा कायदा नाही. ही टाकी घराच्या बांधकाम परवानगीचा एक भाग म्हणून विचारात घेतली जाते. निलंग्यासारख्या नगर परिषद क्षेत्रात यासंबंधी प्रामुख्याने पुढील कायदे व नियम लागू होतात.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ : या अधिनियमाच्या कलम ४४ व ४५ नुसार विकासकामासाठी नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. साठ दिवसांत निर्णय न कळविल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. मात्र बांधकाम नियमांस धरून असले पाहिजे, ही अट कायम राहते. विनापरवानगी बांधकामाविरुद्ध कलम ५३ अन्वये नोटीस देता येते.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ : या अधिनियमाने सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व मैल्याची विल्हेवाट ही नगर परिषदेची कर्तव्ये ठरविली आहेत. घराच्या बांधकामाची सूचना देण्याची तरतूद कलम १८९ मध्ये आहे.

विकास नियंत्रण नियम : २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली राज्यातील बहुतेक नगर परिषदांना लागू झाली. टाकीच्या तांत्रिक अटी विकास नियंत्रण नियम व भारतीय मानके यांतून येतात. आतील रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याच्या पातळीखाली किमान १ मीटर खोली, किमान १ घनमीटर क्षमता, रुंदीच्या दोन ते चार पट लांबी, डासरोधक जाळी बसविलेली किमान ५० मिलिमीटर व्यासाची वायुनलिका आणि टाकीतील पाणी प्रक्रियेविना उघड्या नालीत न सोडणे या त्यांतील ठळक अटी होत. पाणी जमिनीत मुरविण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावी, असे भारतीय मानक सांगते.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ : कलम २४ नुसार प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक द्रव्य जाऊ देण्यास मनाई आहे. या अधिनियमातील ‘प्रवाह’ या संज्ञेत भूमिगत पाण्याचाही समावेश होतो, ही बाब सेप्टिक टँकच्या संदर्भात महत्त्वाची आहे.

ग्रामीण भागात महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये बांधकामावर नियंत्रण ठेवले जाते. तालुक्यातील मोठ्या गावांत शहरासारखीच दाट वस्ती व घरोघरी बोअर असल्यामुळे प्रश्नाचे स्वरूप शहरापेक्षा फार वेगळे नाही.

परवानगी प्रक्रियेतील उणिवा

कायद्यात तरतुदी आहेत. तरीही त्या टाकीपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाहीत. याची कारणे प्रक्रियेच्या टप्प्यांत शोधावी लागतात.

अ) नकाशाचा टप्पा : घराच्या नकाशात सेप्टिक टँक बहुधा एका लहान आयताने दाखविली जाते. खोल्यांची मापे, सामासिक अंतरे व चटई क्षेत्र यांची छाननी काटेकोर होते, कारण त्यांवर शुल्क व परवानगी अवलंबून असते. टाकीची लांबी-रुंदी, तिच्या पाण्याची विल्हेवाट, जमिनीचा प्रकार व शेजारच्या भूखंडातील बोअर या बाबी तेवढ्याच तपशिलाने नकाशावर असतीलच असे नाही.

२०२० च्या नियमावलीने लहान भूखंडधारकांना मोठा दिलासा दिला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या बांधकामासाठी नकाशा सादर केल्याची पोच व शुल्काची पावती हीच परवानगी मानण्यात येते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडास परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या प्रमाणपत्रावर दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचविणारी ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु टाकीच्या बाबतीत ‘कमी जोखीम’ हे गृहीत तपासून पाहावे लागते. १० मीटर रुंद व १५ मीटर लांब असा १५० चौरस मीटरचा भूखंड घेतल्यास त्याचा कर्ण सुमारे १८ मीटर भरतो. म्हणजे एका कोपऱ्यात शोषखड्डा व समोरच्या टोकाच्या कोपऱ्यात बोअर घेतला, तरच मानकातील १८ मीटर अंतर कसेबसे साधते. शेजाऱ्याचा बोअर कुंपणाला लागून असेल, तर तेही साधत नाही. इमारत म्हणून जे घर सर्वांत कमी जोखमीचे, तेच टाकी व पाणी यांच्या अंतराच्या दृष्टीने सर्वांत अधिक जोखमीचे ठरते. आणि नेमकी हीच घरे आता पूर्वतपासणीशिवाय उभी राहतात.

आ) बांधकामाचा टप्पा : टाकी प्रत्यक्षात कशी बांधली गेली हे ती झाकण्यापूर्वीच पाहता येते. जोत्याच्या तपासणीत घराची बाह्य रेषा व अंतरे पाहिली जातात. टाकी अनेकदा त्याआधी किंवा त्यानंतर बांधली जाते. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी टाकीवर फरशी बसलेली असते. तिचा तळ पक्का आहे की नाही, मधली भिंत घातली आहे की नाही, हे कोणालाच दिसत नाही. अनेक लहान घरांच्या बाबतीत तर भोगवटा प्रमाणपत्र घेतलेच जात नाही. अशा वेळी टाकीचा खरा रचनाकार गवंडी असतो. त्याला जे माहीत असेल तेच जमिनीखाली उतरते.

इ) नियमित केलेली घरे : महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ नुसार गुंठेवारीतील बांधकामे नियमित करण्याची सोय झाली व २०२१ च्या सुधारणेने तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आली. अशा वस्त्यांत रस्ता, नाली व पाणी यांचा विचार विकास शुल्काच्या निमित्ताने होतो. घर नियमित होते तेव्हा त्याची टाकीही नियमित झाली असे कागदोपत्री होते. टाकी मात्र होती तशीच राहते.

ई) वापराचा टप्पा : सर्वांत मोठी उणीव येथे आहे. परवानगी ही एकदाच घडणारी घटना आहे, तर टाकी पंचवीस-तीस वर्षे वापरात राहते. या काळात कुटुंब वाढते, वर मजला चढतो, भाडेकरू येतात. पाच माणसांसाठी बांधलेली टाकी पंधरा माणसांचा मैला घेऊ लागते. ती कधी उपसली, कोणी उपसली व मैलागाळ कोठे नेऊन टाकला याची नोंद परवानगीच्या फाइलीत येत नाही.

उपसा आणि मनुष्यहानी

टाकी तुंबल्यावरच उपसावयाची ही सवय जीवघेणी ठरू शकते. वर्षानुवर्षे न उघडलेल्या टाकीतील गाळ घट्ट होतो, टँकरच्या नळीने तो ओढला जात नाही व मग ‘आत उतरून ढवळण्यासाठी’ माणूस बोलावला जातो. टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचलेले असतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की घ्राणशक्ती बधिर होते. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा समज घातक आहे. पहिला माणूस कोसळला की त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो व तोही सापडतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे सेप्टिक टँकची सफाई करताना पाच मजुरांचा मृत्यू झाला. मराठवाड्यातील ही घटना या प्रश्नाचे गांभीर्य सांगण्यास पुरेशी आहे.

हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या नियुक्तीस प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, २०१३ हा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. त्याच्या कलम ७ नुसार कोणत्याही व्यक्तीस, स्थानिक प्राधिकरणास अथवा संस्थेस गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावता येत नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत घरमालकही येतो. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम ९ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निर्णयात अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने ती तीस लाख रुपये करण्यात आली. यांत्रिक उपशासाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

या कायद्याची अंमलबजावणी बहुधा मृत्यूनंतर सुरू होते. टाकीच्या झाकणापर्यंत टँकरची नळी पोहोचते काय, झाकण फरशीखाली गाडले गेले आहे काय, हे प्रश्न परवानगीच्या वेळीच विचारले गेले तर माणूस आत उतरण्याचे निम्मे कारण तेथेच नाहीसे होईल.

वाई व सिन्नरचा अनुभव

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये मैलागाळ व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली व फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे राष्ट्रीय धोरण आले. या दिशेने राज्यात सातारा जिल्ह्यातील वाई व नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगर परिषदांनी पुढाकार घेतला. वाईमध्ये २०१८ पासून घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या चक्राने, ठरलेल्या वेळापत्रकानुसार उपसण्यास प्रारंभ झाला व गाळासाठी दररोज ७० हजार लीटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले. उपशाचा खर्च घरमालकाकडून प्रत्येक वेळी न घेता स्वच्छता कराच्या माध्यमातून विभागण्यात आला.

या अनुभवातून दोन धडे मिळतात. घरमालकाने बोलावल्यावर टँकर पाठविण्याच्या पद्धतीत गरीब कुटुंब खर्चापोटी उपसा लांबवते. वेळापत्रकाच्या पद्धतीत हा भार वाटला जातो. तसेच, गाळ कोठे न्यावयाचा हे ठरले नसेल तर उपसलेला मैला शेतात, ओढ्यात किंवा माळावर रिकामा होण्याचा धोका राहतो. म्हणून उपसा व प्रक्रिया या दोहोंची व्यवस्था एकत्रच लावावी लागते. निलंग्यासारख्या लहान शहराला हे उदाहरण महानगरांच्या उदाहरणापेक्षा अधिक जवळचे आहे.

परदेशातील नियमनाची दिशा

जपानमध्ये घरगुती मलशुद्धीकरण टाक्यांसाठी १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्यानुसार टाकी वापरात आल्यानंतर तिची तपासणी, पुढे दरवर्षी तपासणी व वर्षातून एकदा सफाई या गोष्टी बंधनकारक आहेत. आयर्लंडमध्ये ग्रामीण घरांच्या सेप्टिक टँकवर पुरेसे नियंत्रण नसल्याचा निर्णय युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्यानंतर २०१२ च्या कायद्याने प्रत्येक टाकीची नोंदणी आवश्यक करण्यात आली. दोन्ही देशांची आर्थिक स्थिती वेगळी आहे, हे खरे. तथापि नोंदणी ही खर्चिक बाब नाही, आणि नियमनाचा आरंभ तेथूनच होतो.

सूचना

१. परवानगीच्या अर्जासोबत सेप्टिक टँकचे स्वतंत्र एक पानी विवरण घ्यावे. त्यात वापरकर्त्यांची संख्या, टाकीची मापे, जमिनीचा प्रकार, मुरण चाचणीचा निकाल व १८ मीटर परिघातील आपले व शेजाऱ्यांचे बोअर, आड आणि विहिरी दाखवाव्यात. स्वयंप्रमाणित प्रकरणांत हे विवरण तांत्रिक व्यक्तीच्या सहीने घ्यावे.

२. टाकीवर छत टाकण्यापूर्वी तळ, मधली भिंत, आत येणारी व बाहेर जाणारी नळी यांची दिनांकासह छायाचित्रे अर्जास जोडावीत. अभियंत्याची प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथेही हा पुरावा राहील.

३. नगर परिषदेच्या चतुर्वार्षिक कर आकारणीच्या वेळी प्रत्येक मालमत्तेची पाहणी होते. त्याच प्रपत्रात टाकी आहे काय, पाणी कोठे जाते, मागील उपसा केव्हा झाला व झाकणापर्यंत टँकर पोहोचतो काय, असे चार रकाने वाढवावेत. वेगळ्या सर्वेक्षणाशिवाय टाक्यांची नोंदवही त्यातून तयार होईल.

४. उपसा करणाऱ्या टँकरधारकांची नोंदणी करावी. उपशाची पावती मालमत्ता क्रमांकाशी जोडावी व गाळ प्रक्रिया केंद्रावर पोहोचल्याची पोच घ्यावी.

५. गवंड्यांसाठी एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे. नियमावलीचे शंभर प्रतींचे वाटप करण्यापेक्षा एक टाकी त्यांच्यासमोर योग्य रीतीने बांधून दाखविणे अधिक उपयुक्त ठरेल.

६. दाट वस्तीतील बोअरच्या पाण्याची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर जिवाणू व नायट्रेट यांसाठी तपासणी करून निकाल त्या त्या प्रभागात जाहीर करावेत.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. १८ मीटरची अट कठोरपणे लावल्यास लहान भूखंडावर शौचालयच बांधता येणार नाही, असे म्हटले जाईल. शौचालय नाकारणे हा उपाय नव्हेच. ज्या भूखंडावर अंतर साधत नाही तेथे टाकीनंतर खडीची ऊर्ध्वप्रवाही गाळणी, दोन-चार घरांची एकत्रित टाकी व पाण्याची सामाईक विल्हेवाट, किंवा तेथील बोअरचे पाणी पिण्यास न वापरता नळाच्या पाण्याची खात्रीशीर सोय, असे पर्याय राहतात. यांपैकी कोणता पर्याय निवडला, हे परवानगीतच लिहिले गेले पाहिजे. आज अंतर साधत नाही ही गोष्ट कोणीच लिहीत नाही, म्हणून तिच्यावर उपायही होत नाही.

निष्कर्ष

१. सेप्टिक टँक ही साठवण नसून प्रक्रिया आहे. तिच्यातून निघणाऱ्या पाण्याची विल्हेवाट व गाळाचा उपसा यांवाचून ती अपूर्ण राहते.
२. काळी माती व भेगाळलेला बेसाल्ट या निलंगा परिसराच्या जमिनीत एकाच नमुन्याची टाकी सर्वत्र योग्य ठरत नाही.
३. विद्यमान कायद्यांत पुरेशा तरतुदी आहेत. पण त्यांचा भर बांधकामापूर्वीच्या कागदावर असून बांधकाम व वापर हे टप्पे मोकळे राहतात.
४. लहान भूखंडांसाठी परवानगी सुलभ करताना टाकी व पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांतील अंतराचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळणे आवश्यक आहे.
५. नोंदणी व वेळापत्रकानुसार उपसा यांमुळे पाण्याचे व मजुराच्या जिवाचे रक्षण एकाच वेळी साधते.

समारोप

घराची परवानगी घेताना मालक आपल्या भिंतीच्या आतल्या जागेविषयी शासनाशी बोलत असतो. त्याची टाकी मात्र भिंतीच्या आत थांबत नाही. तिचे पाणी शेजाऱ्याच्या बोअरपर्यंत जाते, तिचा गाळ गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जातो आणि तिच्या तोंडाशी एखादा मजूर जीव मुठीत धरून उभा राहतो. त्यामुळे सेप्टिक टँक ही खाजगी मालमत्ता असली तरी तिचे नियमन सार्वजनिक कर्तव्य ठरते. निलंगा परिसराने पाण्याचा तुटवडा अनुभवला आहे. जे पाणी एवढ्या कष्टाने जमिनीतून मिळते ते जमिनीतच नासू नये, यासाठी घराच्या कागदपत्रांत टाकीला तिचे स्थान मिळणे आवश्यक आहे.